नाकमिस्त्रींचा डबा

मी एक जुना, पालथा घातलेला पत्र्याचा डबा आहे. माझी हकिगत सुरू करण्याआधी, मित्रांनो, एक विनंती करतो. तुमच्या आसपास कोणी काडी ओढत असेल, तर त्याला जरा लांब जायला सांगा. माझ्या पोटात आता टर्पेंटाइनचा थेंबही नाही, हे मला ठाऊक आहे. पण सतरा वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. ज्याने सतरा वर्षं पेट घेणारं तेल पोटात सांभाळलं, त्याला झोप कसली आणि स्वस्थता कसली?

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. एका सपाट, चकचकीत पत्र्याला यंत्राने चार ठिकाणी मुडपलं, कडा एकमेकींत अडकवल्या, खाली बूड बसवलं, वर लहानसं तोंड ठेवलं आणि सांध्यांना डाग दिला. उचलायला डोक्यावर एक कडी आली. मग तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या पोटात हवा भरून मला पाण्यात बुडवलं. डब्याला कुठे भोक असेल तर तिथून बुडबुडे येतात. बाई टक लावून बघत होत्या. एकही बुडबुडा आला नाही. बाईंनी मला बाहेर काढलं, पाठीवर थाप मारली आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ, कसा ठणठणीत आहे." माझ्या आयुष्यातली ती शेवटची निर्धास्त वेळ.

तिथून माझी रवानगी झाली ती टर्पेंटाइनच्या कारखान्यात. हे काही दाणे घाण्यात दाबून निघणारं तेल नव्हे. चीडच्या, म्हणजे पाइनच्या, उंच झाडांच्या सालीवर खाचा पाडतात. खाचेतून घट्ट चिकट चीक पाझरतो आणि खाली बांधलेल्या वाटीत जमतो. तो चीक मोठ्या बंद भांड्यात वाफेवर तापवतात. त्यातला उडून जाणारा भाग नळीत शिरतो, थंड होतो आणि पाण्यासारखा पातळ होऊन पलीकडे थेंब थेंब पडतो. तेच टर्पेंटाइन. भांड्याच्या तळाशी उरते ती राळ. दोघं एकाच चिकाची लेकरं, पण राळ मख्ख आणि टर्पेंटाइन महाचंचल. चंचल लेकरू माझ्या पदरात पडलं.

मला भरणारा कामगार नव्या माणसाला शिकवत होता. "झाकण घट्ट लाव. उघडं राहिलं तर हे उडून जाईल. आणि काडी लागली तर आपल्यालाही सोबत नेईल." सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या पोटावर ज्वाळेचं लाल चित्र चिकटवलं गेलं आणि त्या दिवसापासून काळजी माझ्या घरीच राहायला आली.

गोदामात आम्ही दोनशे डबे आणि वीसेक पिंपं होतो. कोण कुठे जाणार याच्याच गप्पा चालत. काही डबे रंगाच्या कारखान्यात जाणार होते, कारण घट्ट रंग पातळ करून भिंतीवर सारखा पसरवायचं काम टर्पेंटाइन करतं. काही बुटांच्या पॉलिशसाठी, काही छापखान्याच्या शाईसाठी निघाले होते. एक लहान बाटली सांधेदुखीच्या मलमात जाणार होती आणि आतापासूनच कण्हत होती. पिंपांचा तोरा सर्वांत मोठा. एक म्हणालं, "आमच्यापासून कारखान्यात कापूर बनतो." दुसरं म्हणालं, "आमच्यापासून फुलांचे वास बनवतात, एकही फूल न तोडता." मी कुठे जाणार ते माझ्या चिठ्ठीवर नव्हतं. बड्यांच्या त्या बाता ऐकत मी एवढंच मनात म्हटलं, जिथे जाईन तिथे विस्तव नसावा म्हणजे झालं.

आणि मी आलो तो थेट शेगडीच्या शेजारी.

ते लाकडी सामान दुरुस्त करण्याचं दुकान होतं. आडरस्त्यावर, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मोडक्या खुर्च्या खुंट्यांना उलट्या टांगलेल्या, मागच्या खोलीत कामाची जागा. मागच्या भिंतीला एक फळी होती, तिच्यावर मी. माझ्या बरोबर खाली मेणाच्या वड्यांचं लाकडी खोकं. आणि खोक्यापासून चार पावलांवर सरसाचं टेबल, त्यावर गॅसची एकचुली शेगडी. सरस म्हणजे लाकडाचे सांधे चिकटवायचा डिंक. तो गरम केल्याशिवाय लागत नाही. टेबलाच्या पायाशी भुशाचं पोतं टेकवलेलं असे. शेगडी, भुसा, मेण आणि मी! पहिल्या दिवशी ही मंडळी पाहून माझी पाचावर धारण बसली.

दुकान चालवत होते एक वडील आणि त्यांची लेक. लेक सुतारकाम करी. करवत, रंधा, सांधे, सरस हे सगळं तिचं. तिला सगळा रस्ता ताई म्हणत असे. वडील पॉलिश करीत आणि त्यांना सगळे नाकमिस्त्री म्हणत. त्यांचं नाक काही फार मोठं नव्हतं. पण त्याची कीर्ती मोठी होती.

मी आलो त्या दिवशी मिस्त्रींनी माझं झाकण उघडलं, डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला. "अस्सल आहे," ते म्हणाले. "भेसळ नाही." तरी त्यांनी पांढऱ्या कागदावर माझ्यातला एक थेंब टाकून तो खिडकीत ठेवला. अस्सल टर्पेंटाइन असेल तर थेंब उडून जातो आणि कागद कोरा राहतो. रॉकेल मिसळलेलं असेल तर तेलकट वर्तुळ उरतं. दुसऱ्या दिवशी कागद कोरा होता. मिस्त्रींनी तो लेकीला दाखवला. "नाक आधी सांगतं, कागद मागून सांगतो," ते म्हणाले. ताई म्हणाली, "मग कागद कशाला वाया घालवता?" त्यावर ते म्हणाले, "नाकाला गर्व होऊ नये म्हणून."

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. मिस्त्री मेणाची वडी किसून बरणीत घालत, वर माझ्यातलं टर्पेंटाइन ओतत आणि बरणी उन्हात ठेवत. विस्तवावर कधीच नाही. चार दिवसांत त्याचं लोण्यासारखं मऊ पॉलिश होई. ते चिंधीवर घेऊन मिस्त्री एखाद्या काळवंडलेल्या खुर्चीच्या हातावर गोल गोल फिरवत राहत. टर्पेंटाइन उडून जाई, मेण लाकडात मुरे, आणि वर्षानुवर्षांच्या हातांनी मळलेलं लाकूड हळूहळू खालून उजळून येई. आपलं मेहनतीने सांभाळलेलं तेल असं उडून जातं याचं मला आधी वाईट वाटे. पुढे कळलं की पोचवायचं ते पोचवून निघून जाणं हेच त्याचं काम आहे.

मिस्त्रींची एक सवय होती. काम संपलं की ते बोटाच्या पेराने माझ्या पोटावर दोनदा ठोकत. टक टक. भरलेला असलो तर माझा आवाज जड येई, रिकामा होत आलो तर पोकळ. त्यावरून ते ओळखत की तेल कधी आणायचं. मित्रांनो, डब्याला तोंड असतं पण बोलता येत नाही. दिवसाकाठी तो एक आवाज, एवढंच माझं बोलणं.

रंगाच्या दुकानाचे मालक, त्यांना सगळे रंगकाका म्हणत, माल घेण्यापूर्वी नमुन्याच्या बाटल्या घेऊन मिस्त्रींकडे येत. मिस्त्री वास घेत आणि सांगत, ही घ्या, ती परत पाठवा. एकदा रंगकाका मला बघून म्हणाले, "मिस्त्री, हा डबा आता टाका. नवा देतो." मिस्त्रींनी माझ्यावर हात ठेवला. "असू द्या. हा माझ्याइतका टिकेल," ते म्हणाले. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. माझ्या बुडाशी एका कोपऱ्यात तांबूस डाग पडायला लागला होता, कारण फळी पुसल्यावर ओलं फडकं माझ्याखालीच राहून जाई. तो डाग मला जाणवत होता. पण कौतुक ऐकताना असल्या गोष्टी कोण आठवतो?

मागच्या हिवाळ्यात मिस्त्री तापाने आठ दिवस अंथरुणाला खिळले. नवव्या दिवशी दुकानात आले, माझं झाकण उघडलं, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. मग डोळे उघडले. पुन्हा मिटले. पुन्हा श्वास घेतला. मी अगदी तोंडाशी होतो, त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, ताई पुढच्या खोलीत आहे याची खात्री केली आणि नाक माझ्या तोंडात जवळजवळ खुपसलं. नंतर त्यांनी झाकण लावलं आणि बराच वेळ नुसते स्टुलावर बसून राहिले.

नाकमिस्त्रींचं नाक गेलं होतं.

त्यांनी ते कोणालाच सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना. रंगकाका बाटल्या घेऊन आले की मिस्त्री म्हणत, "ठेवून जा, उद्या सांगतो," आणि मागे कागदावर थेंब टाकून बघत. पण रंगकाका एकदा घाईत होते, हटून बसले. मिस्त्रींनी बाटली हुंगल्यासारखं केलं आणि मान डोलावली. ते रॉकेल मिसळलेलं निघालं. त्या टर्पेंटाइनच्या पॉलिशने एक जेवणाचं टेबल आठ दिवस चिकट राहिलं. मिस्त्री म्हणाले, "हवा दमट आहे." ताईने खिडकीबाहेरच्या कोरड्या ठणठणीत उन्हाकडे पाहिलं. तिने टेबल पुसून काढलं आणि पुन्हा पॉलिश करायला वडिलांच्या पुढ्यात ठेवलं. मला दोघांचीही दया आली. आणि भीती वाटली. जिथे मी आहे तिथे एक तरी चांगलं नाक जागं पाहिजे.

आता जे सांगणार आहे ते या हिवाळ्यातलं आहे. अजून आठवलं की माझा पत्रा कुडकुडतो.

शनिवारी दुपारी माझ्या बुडाच्या त्या तांबूस कोपऱ्यातून काहीतरी ओलं सरकल्यासारखं वाटलं. सुईच्या टोकाएवढं भोक. आधी मला वाटलं भास असेल. मग पहिला थेंब सुटला, फळीच्या कडेवरून घरंगळला आणि खाली मेणाच्या खोक्यात पडला. टप. थोड्या वेळाने दुसरा. जन्मभर ज्या गोष्टीला भ्यालो, ती अशी सावकाश सुरू झाली.

खोक्याच्या तळाला फट होती. तिच्यातून तेल जमिनीवर आलं. जमिनीला थोडासा उतार होता, आणि उतार कुठे होता? सरसाच्या टेबलाकडे. सोमवारपर्यंत एक बारीक ओली रेघ भुशाच्या पोत्यापर्यंत पोचली आणि पोतं खालून ती पिऊ लागलं. त्या आठवड्यात ताईचं नुसतं करवतीचं काम चालू होतं, म्हणून शेगडी बंद होती. तेवढाच दिलासा. पण सोमवारीच ती वडिलांना म्हणाली, "गुरुवारी सकाळी सगळ्या खुर्च्यांना एकदमच सरस लावू." माझा जीव टांगणीला लागला.

तुम्ही म्हणाल, ताईला वास कसा आला नाही? तिला रविवारपासून सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, डोळे लाल, गळ्याला रुमाल. थंडी म्हणून खिडक्या बंद. दुकानात दोन माणसं, दोन नाकं आणि दोन्ही कामातून गेलेली. दुष्काळात तेरावा महिना.

सोमवारी संध्याकाळी माझी आशा एकदा पालवली. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्यांची झुलती खुर्ची झाली का ते विचारायला आले. यांना सगळे पोस्टमास्तर म्हणत. मागच्या खोलीच्या दारातच त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"काय हो हा वास, मिस्त्री?"

"पॉलिशचं दुकान आहे. इथे काय अत्तराचा वास येणार?" मिस्त्री म्हणाले.

"नाही, पण आज जरा जास्तच आहे."

मिस्त्रींच्या कपाळावर आठी पडली. खरं म्हणजे त्यांनी विचारायला हवं होतं, किती जास्त? कुठून येतोय? पण वासाची गोष्ट निघाली की ते आजकाल दुसरीकडे वळत. "तुमची खुर्ची शुक्रवारी न्या," एवढं बोलून त्यांनी पोस्टमास्तरांना पुढच्या खोलीत नेलं. वास आलेला एकुलता एक माणूस असा दारातून परत गेला.

मंगळवारी एका उंदराने भुशाच्या पोत्याजवळ येऊन नाक मुरडलं आणि मागच्या मागे पळ काढला. उंदराला जे कळलं ते माणसांना कळेना.

बुधवारी काम संपल्यावर मिस्त्री माझ्याजवळ आले. त्यांनी पेराने ठोकलं. टक टक. मी अर्धाअधिक रिकामा झालो होतो. मित्रांनो, मी माझ्या सगळ्या पत्र्यानिशी ओरडलो. इतका पोकळ आवाज मी कधी काढला नव्हता. मिस्त्री थांबले. त्यांनी कडी धरून मला जरा उचलून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शंका आलेली मला दिसली. गेल्याच आठवड्यात तर त्यांनी मला भरलं होतं.

"ताई," त्यांनी हाक मारली, "टर्पेंटाइन तू..." आणि ते अडखळले.

"काय बाबा?" ताई पुढच्या खोलीतून म्हणाली.

"काही नाही."

टर्पेंटाइनचं बोलणं निघालं असतं तर त्यावरून वासाचं निघालं असतं, वासावरून नाकाचं. ताईनेच वापरलं असेल अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि मला होतो तिथे ठेवलं. माझं बूड ओलं होतं, पण त्यांचा हात होता कडीवर. एक वीत खाली गेला असता तर सगळं कळलं असतं. दिवा मालवून दोघं गेली आणि मी टप टप करत राहिलो.

गुरुवार उजाडला. ताई आली तीच शिंकत. तिने सरसाचं भांडं शेगडीवर ठेवलं, त्यात पाणी घातलं, ब्रश काढून ठेवले. मिस्त्री पोस्टमास्तरांच्या खुर्चीच्या मागे उभे होते. त्या खुर्चीच्या हाताला शेवटचं मेण लावायचं होतं. भुशाचं पोतं आता निम्म्यापर्यंत ओलं होतं आणि टेबलाखाली, शेगडीच्या गॅसच्या नळीला टेकलं होतं. ताईने काड्यापेटी हातात घेतली. मी मनातल्या मनात सगळ्या दोनशे डब्यांची आणि वीस पिंपांची आठवण काढली. वाटलं, कोणी कापूर झाला असेल, कोणी फुलाचा वास, आणि मी मात्र या दोन भल्या माणसांचा काळ होणार.

त्याच वेळी मिस्त्री माझ्याखालच्या खोक्याशी वाकले आणि त्यांनी मेणाची वरची वडी उचलली.

त्यांचा अंगठा मेणात रुतला.

मिस्त्री तसेच वाकलेले राहिले. हिवाळ्याच्या सकाळी मेणाची वडी दगडासारखी टणक असते. किसताना हात भरून येतात. चाळीस वर्षांत थंडीमध्ये त्यांच्या हाताला मऊ मेण लागलं नव्हतं. त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून पाहिली. बोटं बुळबुळीत झाली होती. विस्तवाशिवाय मेणाला मऊ करणारी वस्तू त्या दुकानात एकच होती, आणि ती कुठे ठेवलेली असते हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याच क्षणी माझ्या बुडाचा थेंब त्यांच्या मनगटावर पडला.

मागे काड्यापेटी खुळखुळली.

"ताई, काडी खाली ठेव." मिस्त्री अगदी हळू म्हणाले.

"का? उशीर होतोय बाबा. सहा खुर्च्या आहेत."

"ठेव म्हणतो ना. तुला वास येतोय का?"

"माझं नाक बंद आहे. मला कसला येतोय वास?" ताईने काडी पेटीबाहेर काढली होती. ती दोन बोटांत तशीच होती. "आणि तुम्ही आहात की. तुम्हाला येतोय का?"

आता बघा, मित्रांनो. "हो, येतोय," असं एवढंच ते म्हणाले असते तरी चाललं असतं. काडी खाली गेली असती, दारं उघडली असती आणि मूठही झाकलेली राहिली असती. पण त्यांनी आपल्या मेणाने माखलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. सोमवारी पोस्टमास्तर काय म्हणाले होते ते त्यांना आठवलं असावं. काल त्यांनी अर्धवट सोडलेलं वाक्यही.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं. मागच्या तापात माझं नाक गेलं."

ताईने काडी पेटीत घातली. पेटी खिशात घातली. मग तिने आधी मागचं दार उघडलं, मग पुढचं, मग दोन्ही खिडक्या, आणि गॅसच्या टाकीची चावी बंद केली. टेबलाखाली वाकून तिने पोत्यातला मूठभर भुसा उचलला आणि मुठीत दाबला. बोटांच्या फटींतून तेल निथळलं. ती मूठ तिने बराच वेळ उघडलीच नाही.

सगळा भुसा आणि मेणाचं खोकं त्यांनी मागच्या मोकळ्या जागेत नेलं, मलाही नेलं, आणि मग दोघं पायरीवर बसली.

"मला सांगितलं का नाही?" ती म्हणाली.

"नाक नसलेल्या नाकमिस्त्रीला कोण विचारणार? तुला उगाच ओझं."

"मला ठाऊक होतं," ताई म्हणाली. "त्या चिकट टेबलाच्या वेळीच. हवा दमट म्हणालात तेव्हा."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मी त्यांच्यामध्ये उभा होतो आणि माझ्या बुडातून पायरीवर थेंब पडत होता. बापाने लेकीला जपलं, लेकीने बापाला जपलं, आणि त्या जपण्यापायी दोघंही एका काडीच्या अंतरावर येऊन उभी राहिली होती. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईने आपला सर्दीचा रुमाल पुढे केला. "राहू दे तो," ते म्हणाले, आणि तशातही ताईला हसू आलं.

रंगकाकांनी नवा डबा आणला आणि माझ्यातलं उरलेलं तेल त्याच्यात गेलं. "मी म्हणत नव्हतो?" असं ते तीनदा म्हणाले. मला आठ दिवस झाकण काढून वाऱ्यावर ठेवलं. मग मिस्त्रींनी माझं झाकण लावून मला पाण्याच्या टबात बुडवलं. जन्मल्यावर घेतली तीच परीक्षा. या वेळी बुडाच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. वाटलं, आता भंगारात.

पण ताई म्हणाली, "याला पालथा घाला, बाबा." माझ्यासारख्या डब्याला आच दाखवायची नसते, कारण पोटात वाफ दडलेली असते. म्हणून त्यांनी मला पाण्याने काठोकाठ भरलं आणि पत्रा कापायच्या कात्रीने माझं बूड कापून काढलं. मग मला उलटं ठेवलं. माझं जुनं तोंड घट्ट झाकण लावून खाली गेलं, बूड होतं तिथे रुंद तोंड झालं, आणि ते भोक कापलेल्या बुडाबरोबरच गेलं. आता कुठूनच काही गळत नाही. माझ्यात पाणी असतं आणि त्यात पॉलिशच्या चिंध्या बुडवून ठेवतात. कारण काही पॉलिशांत जवसाचं तेलही असतं, आणि ते तेल व टर्पेंटाइन प्यालेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला, तर कोणी काडी न लावताही आतल्या आत तापत जातो आणि पेटतो. तो धोका आता माझ्या पोटात, पाण्याखाली गप्प बसलेला असतो. जन्मभर आगीला भ्यालो, म्हातारपणी आग विझवायच्या कामाला लागलो.

नवा डबा पुढच्या खोलीत असतो, खाली थाळी ठेवून. भुशाचं पोतं मागच्या दाराबाहेर गेलं. शेगडी पेटवण्याआधी ताई दोन्ही खोल्यांत वास घेत फिरते. आणि तिला सर्दी झाली की पोस्टमास्तरांना रस्त्यावरून हाक जाते, "जरा आत येऊन नाक लावा हो!" ते छाती फुगवून येतात. मिस्त्रींना आता सगळे मेणमिस्त्री म्हणतात. त्यांना ते आवडलं आहे, पण तसं ते दाखवत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी टर्पेंटाइन असेल तर ते कधी पाण्याच्या बाटलीत भरू नका. झाकण घट्ट लावा, डब्याचं बूड अधूनमधून हाताने चाचपून बघा, ओली चिंधी चुरगळून टाकू नका. काळजी करून करून मी म्हातारा झालो, एवढं माझं ऐका.

आणि आणखी एक. मिस्त्री अजून रोज काम संपलं की माझ्याजवळ येतात आणि पेराने ठोकतात. टक टक. आता माझ्यात तेल नाही, मोजायचं काही नाही, तरी ठोकतात. फरक एवढाच की पूर्वी ते ठोकून निघून जायचे. आता ठोकल्यावर थांबतात. तुमच्या घरातही कोणीतरी "काही नाही" म्हणून वाक्य अर्धवट सोडत असेल. त्या "काही नाही"चा आवाज मला चांगला ओळखता येतो, तो पोकळ असतो. तो ऐकून निघून जाऊ नका. थांबा, आणि पुन्हा विचारा.